तलफ कुठून येते? – मन, मेंदू आणि तंबाखू

।। श्री सद्गुरू प्रसन्न ।।

*अभ्यास-पाठ*



मन चंचल आहे, त्याला आवरायला हवं, हे आपण दर बैठकीत ऐकतो. या पाठात तोच विषय शरीराच्या बाजूने बघायचा आहे. इच्छा होते, राग येतो, सवय लागते, तेव्हा आपल्या डोक्यात आणि अंगात नेमकं काय घडत असतं? विषय फार मोठा आहे, म्हणून आपल्याच मातीतलं एक उदाहरण धरू या. ते उदाहरण म्हणजे तंबाखू.

निपाणी-चिकोडी भागात तंबाखूशी संबंध नाही असं घर शोधावं लागेल. कुणाच्या रानात तंबाखू, कुणाची आई वखारीत चाळणीवर, कुणाची आत्या विड्या वळणारी, कुणाच्या आजोबांच्या कनवटीला चंची. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला होता आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. वखारीतल्या आणि विडीच्या कामातल्या बायकांनी प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत संघटना उभी केली, तीही याच गावात. तेव्हा तंबाखूला नुसती नावं ठेवून आपल्याला मोकळं होता येत नाही. या पानानं आपल्याकडची चूल पेटवली आहे आणि याच पानानं कित्येकांची तोंडं, फुफ्फुसं पोखरली आहेत. दोन्ही खरं आहे.

हा विषय आत्ताच घेण्याचं कारण सांगतो. दर गुरुपौर्णिमेला, आषाढीला आपल्यातले बरेच जण तंबाखू सोडायचा संकल्प करतात. काहींचा टिकतो. काहींचा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतो. संकल्प मोडला याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख पुढचं आहे. ती माणसं बैठकीला यायचीच बंद होतात. "आता तोंड कसं दाखवू?" म्हणतात. आणि आपणही मागे म्हणतो, "मनच खंबीर नाही त्याचं." हे वाक्य बोलण्याआधी खालचा पाठ एकदा शांतपणे वाचावा, अशी विनंती.

*१) पान, मूळ आणि शेंडा*

तंबाखूतलं मुख्य द्रव्य निकोटिन. पोर्तुगालमधल्या झां निको नावाच्या फ्रेंच राजदूतानं १५६०च्या सुमारास तंबाखू पॅरिसला पाठवली, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॉसेल्ट आणि रायमान यांनी ते पानातून वेगळं काढलं.

झाडाला हे द्रव्य कशाला लागतं? किडीपासून वाचायला. निकोटिन तयार होतं मुळांत आणि वर चढून पानात साठतं. आपले शेतकरी तंबाखूचा शेंडा खुडतात, फुटवे काढतात, कारण त्यानं पान जाड आणि कडक होतं. शेंडा खुडला की झाडाला तो घाव वाटतो आणि मुळं जास्त निकोटिन बनवू लागतात. म्हणजे किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालण्यासाठी झाडानं बनवलेलं हे विष आहे. ते माणसावर चालतं, कारण कीड आणि माणूस यांच्या नसांमध्ये निरोप पोहोचवायची एक पद्धत सारखीच आहे.

*२) नसा एकमेकींना निरोप कसा देतात?*

आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी. वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. मग निरोप पलीकडे जातो कसा?

याचं उत्तर ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला झोपेत सुचलं, असं तो स्वतः सांगत असे. रात्री जाग आली, त्यानं कागदावर काहीतरी खरडलं, सकाळी बघतो तर स्वतःचंच अक्षर वाचता येईना! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचलं. या वेळी तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याला जोडलेली व्हेगस नावाची नस चेतवली, तसं ते हृदय मंद झालं. त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंद झालं. म्हणजे नसेनं पाण्यात काहीतरी द्रव्य सोडलं होतं. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्या द्रव्याचं नाव ॲसिटिलकोलिन. १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून नोबेल मिळालं.

व्हेगस हे नाव लक्षात ठेवावं. पाठाच्या शेवटी ती नस पुन्हा भेटणार आहे.

*३) दुसऱ्याच्या कुलपाला लागणारी किल्ली*

ॲसिटिलकोलिन ही किल्ली मानली, तर पलीकडच्या पेशीवर तिची कुलपं असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. किल्ली लागली की दार उघडतं, निरोप आत जातो, आणि शरीर ती किल्ली क्षणार्धात मोडून टाकतं. दार बंद. हा शरीराचा शिस्तीचा कारभार.

निकोटिनची गंमत अशी, की ते यातल्या काही कुलपांना बरोबर लागतं. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी निकोटिन वापरूनच १९०५ साली मांडलं होतं, की पेशीवर द्रव्य "ग्रहण करणारं" काहीतरी असलं पाहिजे. पण शरीर आपली किल्ली जशी लगेच मोडतं, तशी निकोटिनची मोडू शकत नाही. ते बराच वेळ कुलपात अडकून राहतं. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. विडीचा झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं. चुना मळून गालात धरलेल्या तंबाखूला थोडा जास्त वेळ लागतो, पण ते सावकाश आणि बराच काळ झिरपत राहतं. चुन्यामुळे ते तोंडाच्या नाजूक त्वचेतून जास्त शोषलं जातं. आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण चुना का लागतो ते अनुभवानं कळलं होतं!

सतत परकी किल्ली अडकत राहिली की मेंदूची काही कुलपं बधिर होतात. मग मेंदू काय करतो? आणखी कुलपं बसवतो. आता एवढ्या सगळ्या कुलपांना किल्ली हवी. रात्री झोपेत निकोटिन उतरतं, बधिर कुलपं जागी होतात आणि सकाळी सगळी एकदम मागणी करतात. पहाटे उठल्या उठल्या चंचीकडे हात जातो तो यामुळे. दिवसाचा पहिला बार सगळ्यात "लागतो" तोही यामुळेच.

*४) गोडी वेगळी, ओढ वेगळी*

हा भाग नीट वाचावा. साधकाच्या सगळ्यात कामाचा आहे.

१९५४ साली कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. पट्टी दाबली की मेंदूच्या ठराविक जागी हलकी वीज जायची. काही जागा अशा निघाल्या, की उंदीर ती पट्टी पुन्हा पुन्हा दाबतच राहिले. पुढे कळलं, की या वाटेवर डोपामिन नावाचं द्रव्य मोठं काम करतं. निकोटिन मेंदूच्या मधल्या भागातल्या पेशींना चेतवून हेच डोपामिन वाढवतं. अन्न, पाणी, माणसाची माया, जगण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींना "हे पुन्हा कर" असा शिक्का मारायची ही वाट. तंबाखू त्या शिक्क्यावर डल्ला मारते.

पुढे वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी चमकायच्या. मग रसाआधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी रसाला चमकेनात, *खुणेलाच* चमकू लागल्या. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या पेशी एकदम गप्प व्हायच्या.

आता आपल्याकडे बघा. जेवण झालं, ही खूण. चहाचा कप, खूण. एसटी स्टँडवरची टपरी, खूण. मित्रानं तळहातावर अंगठा फिरवला, खूण. बाजारात वखारीवरून जाताना आलेला वास, खूण. तंबाखू तोंडात जायच्या आधीच मेंदू कामाला लागलेला असतो, आणि ती मिळाली नाही की आत पोकळी पडते. त्या पोकळीला आपण तलफ म्हणतो. म्हणून कितीतरी जुने लोक सांगतात, "आता चव काही लागत नाही, पण राहवत नाही." गोडी कधीच गेली, ओढ मागे राहिली.

ही ओढ अंगात कुठे जाणवते? मेंदूत इन्सुला नावाचा भाग आहे. छाती, पोट, घसा यांच्याकडून येणारी आतली जाणीव तिथे उमटते. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की आजारात इन्सुलाला इजा झालेल्या काही रुग्णांची सिगारेट सहज सुटली. तलफ ही नुसती "मनाची कल्पना" नाही, तिला शरीरात जागा आहे, हे यावरून कळतं.

*५) तिसरा दिवस*

संकल्प तिसऱ्या दिवशी का मोडतो, हे आता सांगता येईल. तंबाखू थांबवली की काही तासांत शरीराची कुरकुर सुरू होते. चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, भूक वाढणं, कशात लक्ष न लागणं, उदास वाटणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे टोकाला जातं, आठवडाभर जोर असतो, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. वाढलेली कुलपंही काही आठवड्यांत पुन्हा पूर्वीच्या संख्येकडे येतात.

म्हणजे तिसऱ्या दिवशी घरात आदळआपट करणारा माणूस वाईट झालेला नसतो. त्याचा मेंदू डागडुजीला काढलेला असतो. नेमक्या त्याच दिवशी बायको म्हणते, "त्यापेक्षा खा बाबा तंबाखू, पण हे थांबव!" ... आणि सगळं परत पहिल्यापासून. घरच्यांनी हे चार-आठ दिवस आजारपणासारखे सांभाळायचे. तापात माणूस चिडला तर आपण मनावर घेतो का?

*६) आया-बहिणींसाठी*

आपल्याकडे बायका विडी ओढत नाहीत, पण मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड, आणि निकोटिन त्यातूनही तेवढंच आत जातं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. अडीच किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम ही थोडी गोष्ट नाही. सासूबाईंनी सुनेला "दात दुखतोय तर मिश्री लाव" असं कृपा करून सांगू नये.

आणखी एक. तंबाखू न खाणाऱ्याच्या अंगातही निकोटिन जातं. दव पडलेली ओली पानं हाताळताना ते कातडीतून शिरतं. मळमळ, ओकारी, चक्कर, डोकं दुखणं असा त्रास होतो. काढणीच्या दिवसांत असं झालं की आपण पित्त म्हणून सोडून देतो. पानं ओली असताना हातमोजे घालावेत, लांब बाह्यांचे कपडे घालावेत, काम झाल्याबरोबर साबणानं हात धुवावेत, आणि लहान मुलांना त्या कामाला लावू नये. वखारीत चाळणीवर नाका-तोंडाला फडकं हवंच.

*७) मग मनाचं काम काय?*

कुणी म्हणेल, सगळं मेंदूच करतो तर माणसाचा दोष काय आणि पुण्य काय? असं समजू नये. मेंदू सवयीनं घडतो आणि नव्या सवयीनं पुन्हा घडतो. ज्या पेशी खुणेला चमकायला शिकल्या, त्याच पेशी खूण येऊनही काही मिळालं नाही असं पुन्हा पुन्हा अनुभवलं की थंडावतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही अशी अर्जुनाची तक्रार आहे, आणि त्याला मिळालेले उपाय दोन आहेत, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. मेंदूचा अभ्यास करणारेही शेवटी याच शब्दापाशी येतात.

कपाळामागचा मेंदूचा भाग थांबायचं, तोलायचं, पुढचं बघायचं काम करतो. तो पूर्ण पिकायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणून शाळेतल्या पोराच्या हातात पुडी पडणं सगळ्यात धोक्याचं. हाच भाग झोप झाली नसेल, पोट रिकामं असेल, भांडण झालं असेल, तर दमतो. संकल्प करायचा तर तो माणूस विश्रांत आणि पोटभर असू दे, आणि एकटा नसू दे.

*साधकांचे प्रश्न*

*प्र.* विडी ओढली की डोकं शांत होतं, हा अनुभव खोटा का?
*उ.* अनुभव खरा, अर्थ चुकीचा. मागच्या विडीचं निकोटिन उतरलं म्हणून बेचैनी आली, नवी विडी तीच बेचैनी घालवते. काटा रुतवायचा आणि काढल्यावर बरं वाटलं म्हणायचं, तसं हे. २०१४ साली २६ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी काही काळानंतर कमी झालेली दिसली.

*प्र.* मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. काय करावं?
*उ.* यातही तथ्य आहे. आतड्यांच्या नसांवरही निकोटिनची कुलपं असतात. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं. कोमट पाणी, भाकरी-पालेभाजी, सकाळी चालणं ठेवावं. काही आठवड्यांत आतडी आपलं काम आपण करू लागतात.

*प्र.* नामस्मरणानं तलफ जाते का?
*उ.* तलफेची एक लाट बहुतेकदा थोड्या मिनिटांत येऊन जाते. तेवढा वेळ काढायला नाम उत्तम. यामागे शरीराचंही कारण आहे. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास घेताना ठोके किंचित जलद, सोडताना मंद होतात. लोवीच्या प्रयोगातली व्हेगस नस ती हीच. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटानं २३ निरोगी माणसांकडून जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. हा अभ्यास २००१ सालचा. मात्र जप करतो म्हणून औषध नको, असं कुणी समजू नये.

*प्र.* औषध घेणं म्हणजे संकल्प कच्चा का?
*उ.* मुळीच नाही. मोडलेल्या पायाला काठी घेतली म्हणून चालणारा कच्चा होत नाही. निकोटिनचा च्युइंगम वा पट्टी हळूहळू डोस उतरवते. डॉक्टरांना विचारून घ्यावी. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. पुडीवरही हा नंबर छापलेला असतो. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. तोंडात पांढरा-लाल चट्टा, बरी न होणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर एक दिवसही न थांबता दाखवावं.

*प्र.* आमचं घर तंबाखूवर चालतं. आम्ही काय करायचं?
*उ.* पोटासाठी पीक घेणाऱ्याला किंवा विडी वळणाऱ्या माउलीला बैठकीत कुणीही कमी लेखू नये. पर्यायी पिकाचा प्रश्न एका घरानं सुटणारा नाही. पण आपलं अंग सांभाळणं आणि पोरांना पुडीपासून लांब ठेवणं हे आजपासून होऊ शकतं.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. तंबाखू घेणाऱ्यांनी एका कागदावर आपल्या खुणा लिहाव्यात. कधी, कुठे, कुणासोबत. अजून सोडायची नसली तरी लिहाव्यात.
२. त्यातली एक खूण निवडून फक्त तेवढीच मोडावी. उदा. जेवणानंतर चंचीऐवजी बडीशेप घेऊन अंगणात फेरी.
३. तलफ आली की दहा मिनिटं थांबायचं. पाणी, सावकाश श्वास, नाम.
४. न घेणाऱ्यांनी संकल्प मोडलेल्या एका माणसाच्या घरी जावं. तंबाखूचा विषय काढू नये. चहा घ्यावा, "या गुरुवारी येताय ना?" एवढंच विचारावं.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्याच प्रयत्नात सुटणारे थोडे, बहुतेकांना अनेकदा प्रयत्न करावा लागतो. मोडलेला संकल्प म्हणजे वाया गेलेले दिवस नव्हेत. तीन दिवस टिकला, तर तीन दिवस मेंदूनं नवं काही शिकून घेतलं. पुढच्या वेळी तिथून पुढे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा पाठ घरी मोठ्यानं वाचून दाखवावा. प्रश्न असतील तर गुरुवारच्या बैठकीत विचारावेत.

जय सद्गुरू 🙏🌹